सहा ग्लास आणि एक सिरिंज

व्हिस्कीच्या बाटलीवरचं नाव दिसलं की जीभ आधी किंमत चाखते. म्हणून आम्हा चौघांची एकच अट होती: नावं झाकायची. कुणी ड्यूटी फ्रीमधून आणलेल्या, कुणी कपाटात जपून ठेवलेल्या बाटल्या एका शनिवारी आमच्याकडे ठाण्याला जमल्या. आयर्लंडची रेडब्रेस्ट १२, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली ग्लेनड्रोनाक १२, केंटकीची मेकर्स मार्क, बेंगळुरूची अमृत फ्यूजन आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लागावुलिन १६. सहावी मी गुपचूप घुसवली. नाक्यावरच्या दुकानात मिळणारी, मळीच्या स्पिरिटवर बेतलेली आपली नेहमीची व्हिस्की. (परमिट सगळ्यांकडे होतं; विचारणारे विचारतातच.)

ग्लास भरायचं काम बायकोकडे दिलं. ती दारूला शिवत नाही, त्यामुळे पंच म्हणून तिच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. धुराची व्हिस्की, म्हणजे लागावुलिन, शेवटी ठेव, एवढंच तिला सांगितलं होतं. ती आधी आली तर पुढच्या सगळ्यांत तोच धूर लागत राहतो.

खरी खटपट होती ती तीव्रतेची. रेडब्रेस्टमध्ये अल्कोहोल ४० टक्के, फ्यूजनमध्ये ५०. शेजारी ठेवून चाखल्या तर जास्त तीव्र असते तीच ‘दमदार’ वाटते आणि शैलीबिली बाजूला राहते. म्हणून सगळ्या ४० वर आणायच्या ठरल्या. मेडिकलमधून लहान मुलांना औषध पाजायची सिरिंज आणली. २० मिलीला हिशोब सोपा पडतो: फ्यूजनला ५ मिली पाणी, मेकर्स मार्कला अडीच, ग्लेनड्रोनाक आणि लागावुलिनला दीड-दीड. नाक्यावरची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, तिलाही जवळपास तेवढंच. “एवढं मोजून पाणी मी कुकरातसुद्धा घालत नाही,” बायको म्हणाली.

पाण्याने व्हिस्की ‘मरते’ म्हणणारे आमच्यातही होते. पण २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा रेणू, पृष्ठभागाजवळ राहतो. नाकाला तो तिथेच भेटतो. वास घेताना मात्र ग्लासात नाक खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीजवळ धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, मग अल्कोहोलचा झणका लागत नाही.

रेडब्रेस्ट लगेच ओळखू आली, वासापेक्षा जिभेवरच्या तेलकट जाडपणाने. मोड आणलेली आणि न आणलेली, अशी दोन्ही बार्ली त्यात असते. माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीवर, कर बसला तेव्हा तो वाचवायला आयरिश लोकांनी ही युक्ती काढली आणि चव आवडली म्हणून ठेवली. तीनदा गाळल्यामुळे ती सौम्यही लागते.

मेकर्स मार्कला चिक्कीच्या पाकाचा वास. ही बर्बन, म्हणजे अमेरिकी व्हिस्की; तिच्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि पिंप दरवेळी नवं, आतून जाळलेलं हवं. गोडवा बराचसा त्या जळक्या ओकचा. वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात, त्यामुळे कितीतरी स्कॉचमध्ये बर्बनचं उष्टं असतं. ग्लेनड्रोनाक मात्र काळ्या मनुका आणि जायफळ. मला सहांत तीच आवडली. बाकी तिघांना ती औषधी आसवासारखी वाटली, त्याला माझा इलाज नाही.

पाचव्या ग्लासावर वाद झाला. दोघांनी छातीठोकपणे “स्कॉच, दहा-बारा वर्षांची” असा निकाल दिला. ती निघाली फ्यूजन. अर्थात पूर्ण चुकले असंही नाही. भारतीय बार्लीबरोबर पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवलेली स्कॉटिश बार्ली तिच्यात आहेच. पण वयाचा अंदाज साफ फसला. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, बेंगळुरूत १० ते १२. बारा वर्षं थांबलं तर पिंपात उरणार किती? तिथे लाकूडही भराभर आपला रंग-गंध सोडतं. लेबलवरचा वयाचा आकडा एका हवामानापुरताच खरा, हे मला त्या ग्लासाने पटवलं.

लागावुलिन टेबलावर यायच्या आधीच तिचा वास आला. “वहिनी, हॉस्पिटल आलं!” एकजण ओरडला. तिचं अंदाज लावणं वगैरे झालंच नाही.

आणि ती नाक्यावरची? पहिल्या घोटाला व्हॅनिला, गोड, बरी. एकाने तिला बर्बन म्हटलं. दुसऱ्या घोटाला मात्र मागे काहीच उरेना. नंतर खारे शेंगदाणे आणि सोडा आला तेव्हा पारडं फिरलं: तिच्यात सोडा मजेत मुरला, लागावुलिन सोड्यालाही पुरून उरली, आणि रेडब्रेस्टमध्ये ओतायला निघालेल्या मित्राच्या हातातून मी बाटली काढून घेतली.