अर्ध्या इंचाचा ध्यास

माझा भाचा मोंटानात राहतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते आणि हा काडतुसं घरीच भरतो. दिवाळीला नागपूरला आला तो टार्गेटचे कागद घेऊनच. १०० यार्डांवर तीन गोळ्या, पाऊण इंचाचा ग्रुप, म्हणजे तिन्ही भोकं पाऊण इंचात. "मामा, अर्ध्या इंचात आणायचाय." त्यासाठी तो पावडर दाण्यादाण्याने तोलतो, काडतुसांच्या रिकाम्या केसेस, म्हणजे पितळी नळ्या, वजनानुसार निवडतो, बुलेट केसमध्ये किती खोल बसली ते इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

त्याच्या चिकाटीचं मला कौतुक आहे. पण हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा साधारण ८ इंचांची, आपल्या तर्री-पोह्याच्या प्लेटएवढी. तो २०० यार्डांपलीकडे गोळी झाडत नाही. तिथे त्याचा आजचा ग्रुप दीड इंचाचा होतो, अर्ध्या इंचाचा झाला तर एक इंचाचा. मध्यापासून बघितलं तर पाव इंच वाचला. शिवाय तीनच गोळ्यांचा ग्रुप फसवा असतो. दहा मारल्या की तो फुगतोच.

त्याला धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर नेलं, १० मीटरवर कागद लावला आणि माझी एअर रायफल दिली. टेबलावर टेकवून पाचही पेलेट जवळजवळ एकाच भोकात. मग म्हटलं, खाली जा, तीन मजले धावत चढून ये, आणि आता उभ्याने मार. छाती भात्यासारखी हलत होती. ग्रुप लिंबाएवढा, ४ सेंटिमीटर. १० मीटरवरचा १ सेंटिमीटर २०० मीटरवर २० होतो. म्हणजे ८० सेंटिमीटर! तो कितीतरी वेळ कागदच बघत राहिला. मग खाली बसून, कोपरं गुडघ्यांच्या आतून टेकवून मारलं, तर एका सेंटिमीटरच्या आत आला.

मी इतका मागे का लागतो, तेही त्याला सांगितलं. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी बाबा उमरेडकडे शिकारीला जायचे. एकदा संधिप्रकाशात लांबून मारलं आणि चितळ पोटात गोळी घेऊन पळालं. बाबा दोन दिवस कंदील घेऊन रक्ताचा माग काढत हिंडले. सापडलं नाही. घरी आल्यावर ते जेवले नव्हते, एवढं मला लख्ख आठवतं. काडतुसात काहीच खोट नव्हती.

थंड बॅरलची, म्हणजे नळी तापायच्या आधीची, पहिली गोळी कुठे जाते, तेवढं दर आठवड्याला लिहून ठेव, असं मी भाच्याला बजावलं. परवा त्याचा फोन आला. लोड, म्हणजे काडतुसातलं भरण, आहे तोच ठेवलाय, आणि रेंजवर आता टेबल सोडून जमिनीवर बसतो म्हणे.