स्टॉर्मचा ताप : नोंद सातवी

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की दोन इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला, आता विषय संपला. कशाचा संपतो! ४ मे ला दुपारी दोन वाजता खापरी ओलांडून बुटीबोरीकडे निघालो. वेग ९०, पाय हलका, आणि अकराव्या मिनिटाला कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) १०९ अंश. मग नेहमीचा उपाय, म्हणजे काचा खाली आणि हीटर फुल, कारण हीटर इंजिनचीच उष्णता ओढून घेतो. बाहेर ४४ अंश आणि मी हीटर लावून बसलेलो. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या क्लीनरनं ज्या नजरेनं पाहिलं, ती काही विसरता येत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी सॅन स्टॉर्म, फायबरग्लासची दोन सीटची. इंजिन रेनोचं डी७एफ, ११४९ सीसी, आठ व्हॉल्व्हचं, मूळ ताकद ६० बीएचपी. त्यावर आयसिनचा एएमआर५०० सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. हा एका फेऱ्यात ५०० सीसी हवा ढकलतो. इंजिन एका फेऱ्यात आपल्या सीसीच्या निम्मी हवा, म्हणजे साधारण ५७४ सीसी ओढतं. पुलीचं गुणोत्तर १.५ ठेवलं, म्हणजे ७५० सीसी आत कोंबायला बघतो. बूस्ट, म्हणजे त्यातून आलेला जादा दाब, ०.४ बारच्या आसपास. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) अजून नेलेली नाही, त्यामुळे ताकदीचा आकडा मागू नका. रेडिएटरच्या समोर इंटरकूलर, सुपरचार्जरमधून तापून आलेली हवा गार करणारा. एसीचा कंडेन्सर नाही. हो, नागपुरात एसीशिवाय. हसून घ्या.

रेडिएटर बदलूनही गाडी हीट मारते म्हटल्यावर पहिली शंका सेन्सरवरच आली. आपल्या गावाला तर सेन्सरवर शंका घ्यायचा हक्कच आहे. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मागून कळलं की सेन्सर बिघडला होता. म्हणून कूलंटचा सेन्सर काढून गॅसवरच्या पातेल्यात सोडला. आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर, त्यामुळे पाणी ९९ ला उकळतं. स्कॅनरवर ९९ च आलं. त्याच पातेल्यात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) टाकला, तो ८९ ला उघडायला लागला. दोघेही निर्दोष. पातेलं मात्र आता कायमचं गॅरेजात आलंय. घरात कुणी ते परत घ्यायला तयार नाही.

हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेल्याची भीती होतीच. एक्सपान्शन टँकच्या (कूलंटच्या डब्याच्या) तोंडावर निळ्या द्रवाची टेस्ट लावली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. दहा मिनिटं इंजिन चालवलं, निळं ते निळंच. वॉटर पंप उघडला, इंपेलर शाबूत. खालचा होज वरच्या आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतोय का तेही पाहिलं, नाही होत. कॅप नवी, १.२ बारची. मिश्रणात बाटलीतलं कूलंट, म्हणजे ग्लायकॉल, ३० टक्के आणि बाकी डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी). आपल्याकडे गोठायची भीती नाही आणि ग्लायकॉल वाढवलं की पाण्याची उष्णता उचलायची ताकद कमी होते, म्हणून अर्धं-अर्धं मिसळत नाही. पण नुसतं पाणीही नको, गंज येतो. आणि बोअरचं पाणी तर देवाशपथ नको. जुना रेडिएटर कापून पाहिला, तर आतल्या नळ्यांत चहाच्या भांड्यासारखा पांढरा थर.

आता खरी गंमत. बर्डीच्या बाजारात संध्याकाळच्या गर्दीत, रेडिएटरचा पंखा चालू, गाडी ९५-९६ वर निवांत उभी राहते. मोकळ्या रस्त्यावर ९० ला तापते. बूस्टमध्ये तापली असती तर समजण्यासारखं होतं. रूट्स ब्लोअर (माझा सुपरचार्जर याच जातीचा) हवा आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि त्यात तिला भरपूर तापवतो. ४५ ची हवा फुल बूस्टला त्याच्यातून १०० च्या पुढे निघते. पण ९० च्या स्थिर वेगाला जादा हवा परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, बूस्ट शून्य. त्या वेळी इंजिन जवळपास मूळचंच. म्हणजे मी महिनाभर ज्याला शिव्या घालत होतो तो ब्लोअर या गुन्ह्यात हजरच नव्हता. चालत्या गाडीत हात घालून पंख्याचा स्विच ऑन केला, काटा ढिम्म हलला नाही.

इथे अडकलो. दोन दिवस गॅरेजात कूलर लावून गाडीकडे नुसता बघत बसलो होतो. दुपारी आई ताक घेऊन आली, दारातच थांबली.

"काहून रे, शटर लावून कूलर सुरू केला? हवा जाईन कुठून? सारी खोली भरून राहिली ना."

उठून मागची खिडकी उघडली. कूलरची झुळूक तेव्हा कुठे अंगाला लागली. ताकाचा ग्लास हातात, आणि मी रेडिएटरकडे बघतोय. ही गोष्ट नागपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. कूलर कितीही मोठा घ्या, समोरची खिडकी बंद असेल तर तो हवा आत घेणार कशी? आणि मी काय केलं होतं? कूलरच मोठा घेतला होता.

संशय खरा की खोटा हे मोजायचं ठरवलं. सलाइनची पारदर्शक नळी यू आकारात फळीवर ठोकली, मधे शाळेची पट्टी, नळीत पाणी आणि दिसावं म्हणून जिलेबीचा केशरी रंग. एक टोक रेडिएटरच्या पुढे, एक मागे, दोन्ही टोकांना स्पंजचे बोळे, म्हणजे वाऱ्याचा थेट झोत नळीत शिरत नाही. रेडिएटरच्या आरपार दाबात किती फरक आहे ते यावर सरळ दिसतं. ९० च्या वेगाला समोर अडलेल्या हवेचा पूर्ण दाब आपल्या तापलेल्या विरळ हवेत ३४ मिलिमीटर पाण्याएवढा भरतो. भाच्याला शेजारी बसवलं, फळी त्याच्या मांडीवर.

"मामा, आठ... नऊ... परत आठ."

चौतीसपैकी आठ. बाकीची हवा इंटरकूलरच्या बाजूच्या फटींतून वळसा घालून पसार होत होती, आणि जी आत जाई तिला बाहेर पडायला जागा नव्हती. सुपरचार्जर, त्याचे पाइप आणि ब्रॅकेट यांनी इंजिन बे ठासून भरलाय. वर, पाइप बसत नव्हता म्हणून रेडिएटरखालचा पत्रा मीच मागच्या वर्षी काढून टाकला होता. तिथून खालची हवा वर घुसून मागचा दाब आणखी वाढवत होती. बॉनेटखाली लोकरीचे धागे चिकटवून ॲक्शन कॅमेरा लावला, तर रेडिएटरच्या डाव्या कडेचे धागे चक्क पुढे, बंपरकडे उडत होते. गरम हवा फिरून परत तोंडाशी येत होती.

तापमानाचं गणितही बघा. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. ९५ चं पाणी आणि २५ ची हवा असेल तर फरक ७०. तीच हवा ४५ ची झाली की ५०. इंटरकूलर आणि ही फिरून आलेली हवा मिळून ती ६० ची झाली की ३५. म्हणजे थंड गावात जेवढं काम झालं असतं त्याच्या निम्मंच. जाड रेडिएटरनं तर हवेला अडथळाच वाढवला होता.

बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर टाकून मागची कड उचलायची युक्ती सगळेच सांगतात. मीही केली, दिसतेही झकास. रीडिंग आठवरून सहावर! काचेच्या पायथ्याशी धावत्या गाडीत हवा साचते, तिथे दाब जास्त असतो. त्या फटीतून गरम हवा बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचीच आत आली. उभ्या गाडीला याचा फायदा होईल, पळत्या गाडीला नाही. वॉशर त्याच संध्याकाळी काढले.

मग कामाला लागलो. कूलर बनवणाऱ्या एका मिस्त्रीकडून जीआय पत्र्याच्या पट्ट्या वाकवून घेतल्या. त्यांना वाटलं मी टबच्या साइजचा कूलर मागतोय, गाडी दाखवल्यावर त्यांनी पैसे कमी केले. इंटरकूलर ते रेडिएटर चारही बाजू पत्रा आणि स्पंजाच्या पट्टीनं बंद. खालचा पत्रा पाइपापुरती खाच पाडून परत बसवला. यू नळी : १४. तापमान त्याच वेगाला १०३ वर थांबलं. थांबलं हे महत्त्वाचं, चढत राहिलं नाही.

उरली बाहेर जायची वाट, आणि तिच्यासाठी बॉनेट कापणं आलं. स्टॉर्मचं मूळ बॉनेट कापायला माझा हात धजला नाही, दुसरं कुठून आणणार? म्हणून त्याचा साचा काढला आणि फायबरची नक्कल केली. पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीनं रेझिनमध्ये दोन टक्के हार्डनर टाकलं. ४३ अंशांत चार मिनिटांत मगातून धूर, मगसुद्धा वाकडा, ब्रश आत उभाच्या उभा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, एक टक्का, थोडं थोडं. असं तीन पहाटे. झरोके रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात काढले, कारण तिथे हवा वरून वेगात जाते आणि खालच्या हवेला खेचते. झरोक्याच्या पुढच्या कडेला १२ मिलिमीटरची उभी पट्टी. यू नळी : २२. भाचा ओरडलाच.

दरम्यान अजून एक माझाच गाढवपणा सापडला. नॉकिंगच्या (पेट्रोल अवेळी भडकण्याच्या) भीतीनं पिगीबॅकमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या जादा डब्यात, सगळ्याच रेंजला टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ५ अंश मागे घेतलं होतं, बूस्ट नसतानाही. टायमिंग मागे गेलं की जळण उशिरा होतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये, पर्यायानं हेडमध्ये जाते. आता बूस्ट नसताना मूळ टायमिंग, बूस्टमध्ये तेवढं मागे.

२४ मे, नवतप्याच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आदल्या दिवशी, दुपारी अडीचला तोच रस्ता, बाहेर ४५. ९० ला पंचवीस मिनिटं : ९६, काटा जणू चिकटवलाय. दोनदा फुल बूस्टमध्ये ओढली, १०१ पर्यंत गेली आणि मिनिटभरात ९७ ला आली. इंटरकूलरनंतरची हवा आधी ७१ असायची, आता ६३. हीटर बंद. बुटीबोरीला रसवंतीवर थांबून दोन ग्लास रस घेतला, आणि इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं. रसवाल्यानं विचारलं, भाऊ, बॉनेटातून वाफ निघून राहिली का? वाफ नव्हती, झरोक्यातून तापलेली हवा थरथरत वर जात होती.

आता नवी कटकट. हे झरोके बरोब्बर ठिणगीला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या वर आलेत आणि पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. खाली पन्हाळीसारखा एक छोटा पत्रा लावून पाणी बाजूला काढायचंय, पण तो हवेच्या वाटेत यायला नको. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याच मिस्त्रीकडे दिलाय. लग्नसराईतले कूलर संपले की करून देतो म्हणालेत.