वारं उलटं व्हतं

आमचं शेत गावाच्या मावळतीला, घरापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. भाकरी झाल्या की आई माळवदावर चढायची, पदर खोचायची, तोंडाभोवती दोन्ही हातांचा भोंगा करायची आणि हाक मारायची, "आवो, जेवायला याऽऽ!" शेजारच्या चार घरांतली माणसं दचकायची. वडील मात्र कोळपं धरून खाली मान घालून चाललेले. उलट ते तिकडून बैलाला "हौश्याऽ" म्हणाले, की आम्हाला अंगणात स्पष्ट ऐकू यायचं.

"समदं ऐकू येतंय त्यांना," आई म्हणायची.

वडिलांचं उत्तर ठरलेलं, "वारं उलटं व्हतं की."

मला हा कैक वर्षं शुद्ध बहाणा वाटायचा. पण आषाढ-श्रावणात केज-अंबाजोगाईकडं वारं येतं ते मावळतीकडूनच. जमिनीलगत ते पिकात अडखळत चालतं, वर मोकळं सुटतं. त्याच्या तोंडावर निघालेला आवाज त्यामुळं वरच्या अंगाला वळतो. म्हणजे आईची हाक खरोखरच वडिलांच्या डोक्यावरून जात होती. आणि बैलाला घातलेली हाक वाऱ्यावर बसून खाली, थेट आमच्या अंगणात.

वारं नसलं तर आवाजाचा व्यवहार रोखठोक असतो. पलीकडचं मला ऐकू येतं, त्याच वाटेनं माझंही पलीकडं जातं. भिंतीला कान असले तर तोंडही असतंच.

हा व्यवहार मोडायला शास्त्रज्ञांनीही शेवटी वाऱ्यालाच कामाला लावलं. 2014 साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आंद्रेआ अलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पोकळ कडी केली. तिला तीन तोंडं, आणि आत हवा गोल फिरवायला संगणकात असतात तसले तीन छोटे पंखे. एका तोंडातून शिरलेला आवाज दोन्ही अंगांनी कडीला वळसा घालतो, एक हिस्सा वाऱ्यासंगं, दुसरा वाऱ्याच्या तोंडावर. वाऱ्याचा वेग नेमका जुळला, की दुसऱ्या तोंडाशी दोघं मिळून पोचतात आणि तिसऱ्याशी एकमेकांना खोडून टाकतात. तिथं चिडीचूप. तोच आवाज दुसऱ्या तोंडातून माघारी पाठवला, तर आल्या वाटेनं न जाता तिसऱ्यातून बाहेर पडतो. जाण्यायेण्यातला फरक 40 डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात दहा हजारपट. (एवढं ऐकू न येणं आमच्या वडिलांना पंख्यांशिवाय जमायचं.)

2024 मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यापुढं मजल मारली. घुमणारी हवा शिटीसारखी वाजते, त्या शिटीचंच बळ त्यांनी आवाजाला दिलं, म्हणजे एकाच दिशेनं जाताना तो वाटेत झिजत नाही.

हे वाचून मला पहिल्यांदा आठवला तो लग्नाच्या वरातीतला डीजे. पण ही कडी ठरावीक पट्टीतल्याच सुराला वळवते, आणि आमच्याकडचा डीजे कोणत्याच पट्टीत बसत नाही. तो नाद सोडला.

परवा गावी गेलो होतो. वडील पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. आईनं चुलीपासून सांगितलं, "गिरणीवरनं दळण आणा." मग पुन्हा सांगितलं. वडिलांनी पान उलटलं. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. हात पुसत बाहेर आली आणि पंख्याचं बटण बंद केलं.