बाबांच्या नोटा आणि चार लाखांची खोटी बोली

बाबांचं गोव्यात डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान होतं. ते गेल्यावर माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तर वहीच्या कागदात गुंडाळलेल्या तीन नोटा निघाल्या: पोर्तुगीज अमलातल्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेच्या, 1959 सालच्या. 30, 60 आणि 100 इश्कुदांच्या (इश्कुद म्हणजे पोर्तुगीज चलन), तिन्हींवर गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कचं चित्र. कागदावर बाबांच्या हाताचं पेन्सिलीतलं टिपण होतं, '60 = 10'. पोर्तुगीज गोव्यात रुपये जाऊन इश्कुद आले तेव्हा एका रुपयाला सहा असा भाव ठरला होता, म्हणून 30, 60 असे आकडे. दुकानात गिऱ्हाईक गोंधळू नये म्हणून हिशेब लिहून ठेवला असावा.

छताचं काम निघालं होतं, म्हणून तिन्ही नोटा एकत्र एका लिलावाच्या साइटवर घातल्या. मूळ किंमत 500, मुदत सात दिवस. चार दिवसांत बोली 2,650 वर गेली, तीसुद्धा नेमके प्रश्न विचारणाऱ्या माणसांची. 'घडीवर फाटली आहे का?', 'टाचणीची भोकं किती?' मी भिंग घेऊन भोकं मोजली आणि उत्तरं दिली.

पाचव्या दिवशी माझ्या भाच्याने कौतुकाने नोटांची रील टाकली. ती एका रात्रीत कुठच्या कुठे गेली. सकाळी पाहते तर बोली 3,60,000! मुदत संपली तेव्हा 4,12,000.

घरात पेढे आले, पण माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या गावच्या देवळात आरतीनंतर पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव होतो. देवीपुढचा नारळ पाच हजारांनाही जातो, पण बोलणारा माणूस समोर उभा असतो. एक वार, दोन वार, तीन वार झालं की त्याचं नाव वहीत चढतं आणि गावात तो शब्द मागे घेता येत नाही. इथे चार लाख बोलणाऱ्याचं खातं आदल्या दिवशी उघडलेलं होतं.

गाजलेल्या लिलावांचं असं पूर्वीपासून होत आलंय. 1999 मध्ये ईबेवर कोणीतरी स्वतःची किडनी विकायला ठेवली आणि ती काढून टाकेपर्यंत बोली 57 लाख डॉलरांवर पोचली होती. तो पैसा कोणाच्याच खिशात नव्हता.

मग मी बोलींची यादी वहीत उतरवायला बसले. अशा साइटवर आपण जास्तीत जास्त रक्कम लिहून ठेवतो आणि यंत्रणा समोरच्यापेक्षा एकच पायरी वर चढते. म्हणजे एकट्या खोट्या बोलीने भाव एवढा चढत नाही. त्याला टक्कर द्यायला दुसरी खोटी बोली लागते. म्हणूनच लोकांना पहिला संशय विकणाऱ्यावर येतो. 41 बोलीदारांपैकी 29 खाती त्याच आठवड्यातली निघाली. त्या रात्री मी भाच्याला सरळ विचारलं, "तू किंवा तुझ्या मित्रांनी तर नाही ना?" त्याचा चेहरा पडला. "मावशी, माझ्यावर एवढाच विश्वास?" म्हणाला. विचारायला नको होतं, असं अजून वाटतं.

जिंकलेल्याने व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवला. 'आगाऊ रक्कम पाठवतो, स्कॅन करून पिन टाका.' यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. मी त्याचा नंबर ब्लॉक केला आणि सगळे स्क्रीनशॉट जोडून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. पैसे गेलेच असते तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा हे ठरवून ठेवलं होतं. साइटच्या नियमाने चार दिवस थांबून व्यवहार रद्द केला. दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाला विचारलं, कोणाचंच उत्तर नाही.

शेवटी 2,650 वाल्या बेळगावच्या संग्राहकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "ताई, राग मानू नका, पण बोली तुमच्याच माणसांनी चढवली नाही हे मी कसं समजू?" राग नाही, रडू आलं. बाबांनी चाळीस वर्षं तराजू धरला, कधी कोणी मापाबद्दल बोट दाखवलं नाही. मी त्यांना वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, घरी या, नोटा हातात घेऊन बघा, मग बोला.

दुसऱ्यांदा लिलाव लावला तो अटी घालून. ज्याच्या नावावर आधीची खरेदी नाही त्याला बोली बंद, पैसे दोन दिवसांत. रील नाही. सहाच बोलीदार आले आणि नोटा 7,400 ना गेल्या, बेळगावलाच. ते गृहस्थ चोर्ला घाटातून स्वतः आले. खिडकीपाशी प्रत्येक नोट उजेडात धरली, भोकं मोजली, माझ्या यादीशी ताडून पाहिली आणि मगच पैसे पाठवले. चहा घेताना भाच्याकडून रीलची सगळी हकिगत ऐकली आणि नोटा कशा जपायच्या ते त्याला दाखवलं.

7,200 वर थांबलेल्या मडगावच्या बोलीदारांचा नंतर निरोप आला, आणखी काही आहे का? डब्याच्या तळाशी 30 ची एक चुरगळलेली नोट होती. ती परवा त्याच अटींवर लावली आहे. सध्या 900 वर आहे.