दोष कुणात आहे, हे मी सासरच्यांना का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे सगळे माझ्याच बाजूचे आहेत: कॉलेजच्या मैत्रिणी, व्याख्यानाला बोलावणाऱ्या महिला मंडळातल्या ताई, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ज्युनियर मुली. प्रश्न ठरलेला असतो. मूल होत नाही म्हणून तुमच्याकडे आलेल्या जोडप्यात नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये प्रॉब्लेम आहे हे तुम्हाला दिसतं, घरी सून टोमणे खाते, मग सासूला केबिनमध्ये बोलावून सांगून का टाकत नाही? एका वाक्याचं तर काम! मागे एकीनं, "तुम्ही बाई असून असं कसं वागू शकता?" असंही विचारलं. ते फार लागलं.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. नवराही माझा पेशंट असतो आणि पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला द्यायची नसते. २०२१ च्या एआरटी कायद्यानंही (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांच्या कायद्यानं) क्लिनिकवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. पण मला या उत्तराआड लपायचं नाही, कारण ससूनला रेसिडेन्सी करत असताना माझं मत अगदी तुमच्यासारखंच होतं.

तेव्हा ओपीडीत बाई यायची ती सासूबरोबर किंवा नणंदेबरोबर. नवरा कामावर. बाईची फाइल जाडजूड आणि त्यात नवऱ्याचा एक कागद नाही. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर सापडतं, हे आम्ही पुस्तकात वाचत होतो. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची. २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. घरून आणायचा तर बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबला पोचवायची. एवढंच. आणि हे करायच्या आधी बायकोच्या गर्भाशयात औषध सोडून ट्यूबचा एक्स-रे काढलेला असायचा, ज्यात ओटीपोटात अशी कळ येते की काही जणी टेबलाची कड घट्ट धरून ठेवतात. दुर्बिणीची तपासणीही झालेली असायची, पूर्ण भूल देऊन. हॉस्टेलवर मी तावातावानं म्हणायचे की असे रिपोर्ट घरच्यांसमोर मोठ्यानं वाचले पाहिजेत. तेव्हा मी होते त्या मुलीचा राग मला अजूनही योग्यच वाटतो. तिच्या उपायाबद्दल मात्र माझं तिच्याशी भांडण आहे, आणि ते एका जोडप्यामुळे सुरू झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शिरूरकडचं कुटुंब. लग्नाला नऊ वर्षं. बाईची दोनदा दुर्बीण झालेली, गोळ्या किती झाल्या याचा हिशेब नाही. नवऱ्याचा रिपोर्ट मी पहिल्यांदा करून घेतला. काउंट निल, म्हणजे वीर्यात एकही शुक्रजंतू नाही. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधे मोठा ताप येऊन गेला तरी काउंट पडतो. म्हणून काही आठवड्यांनी परत केला. निल. एफएसएच हे वृषणांना चालना देणारं हार्मोन वाढलेलं, म्हणजे शुक्रजंतूंची बाहेर यायची वाट अडलेली नव्हती, मुळात ते तयारच होत नव्हते. वृषणाच्या बायॉप्सीतही काही मिळालं नाही.

दोघांना समोर बसवून सांगितलं. तो काहीच बोलला नाही, पार्किंगची पावती चार घड्या करून परत उलगडत राहिला. डोनरच्या वीर्याचा पर्याय सांगितला: नोंदणी असलेल्या बँकेकडून, दोघांच्या लेखी संमतीनं, आणि मूल कायद्यानं तुमचंच. दत्तकाचंही सांगितलं. तो म्हणाला, "विचार करतो." ती म्हणाली, "मॅडम, घरी माझंच नाव राहू दे."

पुढच्या वेळी सासूबाई आल्या. नवरा गाडी लावायला गेलेला. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, मी अडाणी बाई. मला एकच सांगा, दोष कुणात? हिच्यात असंल तर तसं लिहून द्या, म्हणजे आम्ही दुसरीकडं बघायला मोकळे." शेजारी सून बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. अगदी थोडीशी, सासूला कळणार नाही अशी.

मी म्हटलं, "लिहून काहीही मिळणार नाही. हिच्यात असं काही नाही की मी तसं लिहून द्यावं. उपचार दोघांचे आहेत, जे विचारायचं ते दोघांना एकत्र विचारा." सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "म्हंजी हिच्यातच हाय. डॉक्टर सांगत न्हाईत, बाकी काय." आणि मी गप्प बसले.

तुम्ही ज्या एका वाक्याबद्दल विचारता ते त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं, आणि त्याची किंमत मी नाही, तिनं मोजली. हे मला तुम्ही सांगायला नको.

नवरा वर आल्यावर त्याला एकट्याला आत घेतलं. म्हटलं, मी तुमच्या आईला काही सांगणार नाही, पण तुमच्यासाठी खोटंही बोलणार नाही. दुसरं लग्न केलंत तर दुसरीच्याही पोटात दुर्बीण घालतील आणि काउंट निलच राहील. तो रडला. घरी बोलला का? नाही.

वर्षभरानं ती पाळीच्या तक्रारीसाठी एकटी आली. दुसऱ्या लग्नाचा विषय त्यानं स्वतः हाणून पाडला होता. कारण मात्र सांगितलं नव्हतं. मी विचारलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं का? ती म्हणाली, "मला बोलतात ते मी ऐकून घेते. यांना बोलले असते तर यांनी काही करून घेतलं असतं. मला कुंकू पाहिजे." हे ऐकून कुणी तिच्या त्यागाचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. तो त्याग नाही, ती धास्ती आहे. पण निर्णय तिचा होता. तिच्या मानेच्या इशाऱ्याला डावलून मी तिची सुटका करणार होते ती कुणाच्या भरवशावर? संध्याकाळी शिरूरच्या एसटीत बसून त्या घरात तीच परत जाणार होती. मी कर्वे रोडवर पुढचा पेशंट बघत बसले असते.

दुसरंही एक आहे. घरात बभ्रा झाला की पुरुष पुन्हा तपासणीला येत नाही. आणि निल म्हणजे दर वेळी सगळं संपलं असं नसतं. साधारण शंभरात एका पुरुषाचा काउंट निल असतो, त्यातल्या काहींची फक्त वाट अडलेली असते. १९९२ पासून इक्सीची, म्हणजे एकच शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडून झालेली, मुलं जन्माला येत आहेत. अशा माणसाच्या वृषणातून जंतू काढून त्याचं स्वतःचं मूल होऊ शकतं. त्यासाठी तो दारात तरी यायला हवा.

ज्युनियर म्हणते, "मॅडम, ही कारणं बरोबर आहेत, पण या सगळ्यात शेवटी पुरुषाचीच अब्रू वाचते." वाचते. मी तिला हरवू शकलेले नाही आणि हरवायचंही नाही. तिच्या वयाची असताना मी हेच म्हणत होते, फक्त माझ्यासमोर मान हलवणारं कुणी बसलेलं नव्हतं.

माझ्या हातात असतं तेवढं मी करते. माझ्याकडे फाइल एकच, दोघांच्या नावाची. पहिल्या भेटीला नवरा नसेल तर बाईला गोळीसुद्धा लिहून देत नाही. आधी त्याचा रिपोर्ट, मग तिच्या तपासण्या. यावरून रिसेप्शनवर भांडणं होतात, "बायकांच्या डॉक्टर ना तुम्ही?" म्हणून लोक उठून दुसरीकडे जातात. जाऊ देत. सासूबाई आल्या तर केबिनमध्ये दोघं असतानाच बोलते, आणि कुणी लिहून मागितलं तर त्या दिवशीचंच उत्तर देते. त्यापुढे काय म्हणायला हवं होतं, हे सांगणारं कुणी तुमच्यात असेल तर जरूर सांगा. फक्त तिनं मान हलवली होती, हे धरून सांगा.