जुन्या कोंबड्यांत नवा कोंबडा : आतापर्यंतची नोंद

कराड तालुक्यातील आमच्या मळ्यावर आठ देशी कोंबड्यांचा कळप आहे आणि त्यात आजवर कोंबडा नव्हता. घरापुरती अंडी मिळत होती. परंतु कळपातील कवडी कोंबडी वरचेवर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते आणि दर वेळी तिच्याखाली ठेवायला फलित अंडी बाहेरून आणावी लागतात. म्हणून पावसाळा सरता सरता असील या देशी जातीच्या वळणाचा एक तरुण कोंबडा आणला. तेव्हा तो साधारण साडेचार महिन्यांचा होता. तुरा लाल होऊ लागला होता, आरवणे सुरू झाले होते, पण आवाज मध्येच फाटत असे.

नवा पक्षी कितीही तजेलदार दिसला तरी त्याला थेट खुराड्यात सोडू नये, याविषयी माझे मत ठाम आहे. मानमोडी (राणीखेत रोग), रक्ती हगवण, पिसांतील उवा यांपैकी काहीही त्याच्याबरोबर येऊ शकते, आणि काही आजारांची लक्षणे उशिरा दिसतात. त्यामुळे निदान तीन ते चार आठवडे त्याला पूर्ण वेगळे ठेवावे, इतके वेगळे की वाराही सरळ कळपाकडे जाऊ नये. आमचा कोंबडा गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत होता. दाणापाणी आधी कोंबड्यांचे आणि मग त्याचे, असा क्रम कायम ठेवला व त्या खोलीसाठी चप्पलही निराळी ठेवली. पंखांखालची आणि शेपटीच्या बुडाची पिसे उलटून उवा व लिखा पाहिल्या, विष्ठा दवाखान्यात तपासून घेतली आणि मानमोडीची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने टोचून घेतली.

खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने 1922 साली ती शास्त्रीय पद्धतीने मांडली, आणि मळ्यावर दाण्याच्या परातीभोवती ती रोज उघड दिसते. आमच्याकडे सर्वांत वर आहे ती बोडक्या मानेची थोरली कोंबडी. नवा पक्षी आला की ही सगळी उतरंड पुन्हा तपासली जाते, आणि वयाने लहान असलेला कोंबडा नर असूनही तळापासून सुरुवात करतो. माझ्या मते हेच त्याच्या हिताचे असते. बरोबरीच्या तलंगांमध्ये, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांमध्ये, वाढलेला कोंबडा वयात येताच त्यांच्यावर दांडगाई करू लागतो. जाणत्या कोंबड्यांमध्ये वाढणाऱ्याला मात्र नको तेव्हा जवळ गेल्यास चोच बसते आणि तो वेळीच रीत शिकतो.

म्हणून खुराड्याचा एक कोपरा जाळीने वेगळा करून त्याला तेथे ठेवले. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लागून मांडली, म्हणजे शेजारी उभे राहून खाण्याची सवय दोघांनाही लागते. सुरुवातीला बोडक्या मानेची कोंबडी जाळीपाशी येऊन ताठ उभी राहत असे आणि तो मान खाली घालून बाजूला सरकत असे. ती जाळीकडे पाठ फिरवून निवांत मातीत लोळू लागली, तेव्हाच मी जाळी काढण्याचा विचार केला. रात्रीच्या अंधारात नवा पक्षी गुपचूप दांडीवर बसवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नसल्याने ती रात्र शांत जाते हे खरे, पण ओळख आधी झालेली नसेल तर उजाडताच व्हायचे ते होतेच.

एकत्र सोडताना मोकळे अंगण निवडले, दाण्याची जादा भांडी दूर दूर ठेवली आणि पळणाऱ्याला आडोसा मिळावा म्हणून उसाच्या पाचटाचे ढीग व तिरक्या फळ्या मांडल्या. कोपऱ्यात अडकलेला पक्षी मार खातो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ साधते. टोचाटोची झाली, थोडी पिसे उडाली, पण मी मध्ये पडलो नाही. रक्त दिसले तर मात्र क्षणभरही थांबू नये, कारण लाल रंगावर बाकीच्या कोंबड्या तुटून पडतात; अशा पक्ष्याला बाजूला काढून जखमेवर जांभळे औषध लावावे, म्हणजे लाली झाकली जाते.

या आठवड्यातली नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. उकिरडा उकरताना त्याला वाळवीचे घरटे सापडले. त्याने एक वाळवी चोचीत उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली आणि भराभर कुट-कुट असा आवाज काढत मान वरखाली केली. तांबडी कोंबडी धावत आली आणि तिने ती टिपली. पाठोपाठ कवडी आली. त्याने स्वतः त्यातली एकही खाल्ली नाही. पुढे घार डोक्यावर आली तेव्हा त्याच्या एका लांबट आवाजासरशी सगळा कळप पाचटाखाली गेला, थोरलीसुद्धा. एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती गिरकी घेणे त्याने आता सुरू केले आहे. तांबडी आणि कवडी त्याला बसू देतात, थोरली अजून हाकलते.

खाद्यातही बदल केला आहे. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, ते त्यांना हवेच; कोंबड्याला मात्र इतक्याची गरज नसते आणि दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यामुळे सर्वांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचे कमी कॅल्शियमचे खाद्य घालतो आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतो. कोंबड्या आपल्या गरजेनुसार तो खातात.

आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा हे प्रमाण सर्वमान्य आहे, म्हणून दुसरा आणणार नाही. सध्या स्वयंपाकासाठी फोडलेले प्रत्येक अंडे बशीत पाहतो. बलकावरचा पांढरा ठिपका लहान, भरीव आणि कडेने वेडावाकडा असेल तर अंडे अफलित. तोच मोठा, गोल आणि कड्यासारखा दिसला तर फलित. तांबडीच्या अंड्यांत कडे दिसू लागले आहे. थोरलीच्या अंड्यांत ते दिसेपर्यंत थांबायचे नाही, असे ठरवले आहे. कवडी पुन्हा खुडूक बसली की तांबडीचीच अंडी तिच्याखाली ठेवीन आणि सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहून त्यांची नोंद लिहीन.