आधी काकडी बघावी

डेलीत, म्हणजे अमेरिकेतल्या खारवलेल्या मांसाच्या सँडविचच्या खाणावळीत, नवा माणूस आला की पहिली नजर पेस्ट्रामीवर जाते. साहजिक आहे. दोन ब्रेडच्या मध्ये वीतभर मांस रचलेलं, तोंड किती उघडायचं याचाच प्रश्न पडतो. पण ढीग रचायला अक्कल लागत नाही. मी आधी काकडी बघते.

ज्यू पद्धतीच्या डेलीत बसल्या बसल्या काकडीची वाटी पुढ्यात येते. न मागता, फुकट. ही काकडी व्हिनेगरमधली नसते. मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून मुरवलेली असते. थोडेच दिवस मुरलेली हिरवीगार, कुरकुरीत, तिला हाफ-सावर म्हणतात. काही आठवडे गेले की रंग उतरतो आणि चांगली झणझणीत आंबट होते, ती फुल-सावर. वाटीत दोन्ही असतील तर आत कुणाचं तरी लक्ष आहे असं खुशाल समजावं. आमच्या न्यू जर्सीच्या गावातल्या डेलीत वाटी येते, पण एकाच जातीची, आणि तीही सरळ बरणीतली. गुण तिथेच कापले.

मग राय ब्रेड, म्हणजे राय नावाच्या धान्याचा पाव. कडा चिवट हव्यात, आतून ओलसर, आणि दाताखाली मधूनच कॅरवेचा दाणा यायला हवा, आपल्या शहाजिऱ्याच्या वासाचा. हा आमच्याकडे बरा असतो. सकाळचा असला तर चांगलाच.

पेस्ट्रामी रुमानियातल्या ज्यूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यू यॉर्कला आणली. गाईच्या पोटाकडचा चरबीदार भाग खारवायचा, वरून धने-मिऱ्यांची भरड थापायची, धुरी द्यायची आणि वाढण्याआधी वाफवायचा. तो काळाकुट्ट थर म्हणजे जळकं काही नव्हे, धने आणि मिरे. पण खरी परीक्षा वाफेची. नीट वाफवलेली पेस्ट्रामी इतकी मऊ होते की मशीनच्या पात्याखाली तिचा भुगा होतो. म्हणून ती हाताने, सुरीने, जाडच कापावी लागते. ताटात एकसारखे पातळ काप आले की ओळखावं, बहुधा वाफ कमी पडलेली आहे.

हे बघायचं तर मॅनहॅटनमध्ये हाउस्टन स्ट्रीटवरच्या ‘कॅट्झ’मध्ये जावं. १८८८ पासूनचं दुकान. दारातच हातात तिकीट देतात, जे घ्याल त्याचा हिशेब त्यावर लिहिला जातो, आणि हरवलं तर दंड. काउंटरपलीकडचा माणूस वाफाळता तुकडा लाकडी पाटावर घेतो, मांसाच्या धाग्यांना आडवी सुरी फिरवतो आणि सँडविच रचायच्या आधी एक काप बशीत टाकून पुढे सरकवतो. आधी चव बघा. बशी रिकामी झाली की नजर टिपच्या पेल्याकडे. तोही सेवेचाच भाग.

आता आमच्या डेलीच्या पाटीवरच्या ‘ज्यू पद्धतीचं’ या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. पद्धत ज्यूंची, पण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं, असेलच असं नाही. मांस आणि दूध एकत्र नाही, हा कोशर खाण्याचा ठळक नियम. आणि डेलीचं लाडकं रूबेन सँडविच म्हणजे कॉर्न्ड बीफवर, खारवलेल्या गोमांसावर, वितळलेलं स्विस चीज! मॅनहॅटनचं ‘सेकंड अव्हेन्यू डेली’ कोशर आहे, तिथे बीफवर खरं चीज मिळायचं नाही. आमच्याकडे बिनदिक्कत मिळतं, आणि सगळ्यात जास्त गर्दी शनिवारी, म्हणजे नेमकी शब्बाथच्या, ज्यूंच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी. आपल्याकडचे ज्यू, बेने इस्रायल, जास्त कडक निघाले. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांचं नावच शनवार तेली पाडलं. मटणाच्या रश्श्यात दूध-दही चालत नाही तर नारळाचं दूध घातलं. कुणाचं काही अडलं नाही.

सेवेचं म्हणाल तर डेलीची वेट्रेस थोडी तिरसटच असावी, अशी रीत आहे आणि मला ती मान्य आहे. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना लाटके मागवले, किसलेल्या बटाट्याचे, कांदा-अंडं घालून तळलेले, सोबत सफरचंदाचा गर. (अंडं त्यांना चालतं. मात्झो बॉल सूप कोंबडीचं, म्हणून ते बाद.) अर्धे उरले. साठीची वेट्रेस येऊन उभी राहिली. “हे काय? आवडलं नाही?” सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. “अगं, ही रागावली का?”

“नाही आई, ती सगळ्यांशी अशीच बोलते.”

तोवर तिने उरलेले लाटके डब्यात भरले होते, वर गराची जास्तीची वाटी ठेवली होती आणि बिल न देताच निघून गेली होती. “आमच्या पेठेतला दुकानदार बोलला की गिऱ्हाईक पळतं,” सासूबाई म्हणाल्या, “ही बोलली की दोन घास जास्त जातात.” तिच्या जागी हल्ली एक गोड मुलगा असतो, हातात टॅब्लेट. दर पाच मिनिटांनी सगळं छान आहे ना विचारतो; कॉफीचा कप रिकामा आहे हे मात्र त्याला दिसत नाही.

सूप मात्र आमच्या डेलीचं खरंच झकास. मात्झोच्या, म्हणजे ज्यूंच्या बिनखमिराच्या कडक पोळीच्या, चुऱ्याचा गोळा हलका असावा की भरीव, यावर घराघरांत वाद आहेत. इथला हलका, चमचा लावला की सुटतो, आणि रस्सा कोंबडीच्या चरबीने पिवळाधमक.

तेव्हा जाणार असाल तर सूप घ्या, ब्रेड मागून घ्या, काकडीची अपेक्षा ठेवू नका. पेस्ट्रामी घेण्याआधी काउंटरमागे डोकावा. पांढऱ्या मिशांचे काका सुरी घेऊन उभे असतील तर “जाड कापा” म्हणून सांगा. मशीन सुरू असल्याचा आवाज आला तर सूपच दुसऱ्यांदा मागवा.